मागे जड ट्रेलर असेल तर मोटरहोम घ्यावं की ट्रक कॅम्पर?

ट्रॅकवेडा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आता थेट विचारतोच. आम्ही कॅलिफोर्नियात असतो. मला ट्रॅकवर गाडी पळवायचा नाद आहे (बायको याच्यापेक्षा कडक शब्द वापरते), लगुना सेका, थंडरहिल, बटनविलो अशी फिरती चालू असते. गाडी २४ फुटी बंद ट्रेलरमधून नेतो, आणि त्याच ट्रेलरमध्ये टायरचे दोन सेट, जॅक, टूलबॉक्स, पेट्रोलचे कॅन, खुर्च्या, तंबू असा सगळा पसारा. सध्या हाफ टन पिकअपने (म्हणजे मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग) ओढतो आणि रात्री मोटेलात राहतो. पण थंडरहिलला जवळचं गाव म्हणजे विलोज, तिथे वीकेंडला रूम मिळायची मारामार, आणि मुलं (६ आणि ९) दिवसभर पॅडॉकच्या (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेच्या) उन्हात वैतागतात, दुपारी जरा आडवं व्हायलाही जागा नसते. म्हणून आता झोपायची, चहा-स्वयंपाकाची आणि बाथरूमची सोय सोबतच न्यायची असं ठरलंय. ट्रेलर मात्र आहे तोच राहणार, तो विकायचा नाहीये.

आता घोळ असा की मोटरहोम घ्यायचं की मोठा पिकअप घेऊन त्यावर कॅम्पर (मागच्या हौद्यात बसणारं छोटं घर) चढवायचा यावर घरात दोन पक्ष पडलेत. बायकोला क्लास सी (व्हॅनच्या चासीवर बांधलेलं मोटरहोम) आवडलंय, त्या ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बेडवर मुलं आत्ताच हक्क सांगून बसलीत. मला वाटतं ड्युअली (मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला) ट्रक आणि वर कॅम्पर बरा, कारण ट्रक एरवीही वापरता येईल. डीलरकडे जाऊन आलो तर मोटरहोमवाला म्हणतो मागे हिच (ट्रेलर जोडायची सोय) आहे ना मग टेन्शन कशाला घेता, आणि ट्रकवाला म्हणतो हा तर वीस हजार पाउंड ओढतो, तुमचा ट्रेलर म्हणजे याला काहीच नाही. दोघंही इतके खात्रीने बोलतात की मला कुणावरच विश्वास बसेना.

ट्रेलरवरच्या प्लेटवर जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त वजनाची हद्द) ९,९९० पाउंड लिहिलंय. भरलेला किती भरतो ते कधी काट्यावर घातलेलं नाही, अंदाजे आठ-साडेआठ हजार असेल. गाडी साधारण ३,००० ची. रस्ता बहुतेक आय-५, क्वचित रीनोच्या बाजूला. कुणी असा जड ट्रेलर मागे लावून प्रत्यक्ष फिरलंय का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

घाटवाला:

स्वागत आहे. आम्ही आधी क्लास सी वापरलं, आता जुना डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेलं मोठं मोटरहोम) आहे, मागे आमचीही कार ट्रेलरवर असते, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो.

पहिली गोष्ट, क्लास सी डोक्यातून काढा. वहिनींना वाईट वाटेल, पण आकडेच बघा ना. मोठी क्लास सी बहुतेक फोर्ड ई-४५० च्या चासीवर असतात. नव्या ७.३ लिटरवाल्या ई-४५० चा जीव्हीडब्ल्यूआर १४,५०० पाउंड आणि जीसीडब्ल्यूआर (गाडी आणि ट्रेलर मिळून वजनाची हद्द) २२,०००. म्हणजे घर पूर्ण भरलं, पाणी भरलं, तुम्ही चौघं बसलात की ट्रेलरसाठी उरतात साडेसात हजार. आणि मागची हिचसुद्धा बऱ्याच मॉडेलवर ७,५०० चीच असते, काहींवर तर ५,०००. तुमचा ट्रेलर तुम्ही म्हणता तसा साडेआठ हजार असला तरी तो तिथे बसतच नाही. चढ चढेल का, इंजिन ओढेल का हा मुद्दाच येत नाही, ओढेलही कदाचित, पण कागदावर आणि ब्रेकवर तुम्ही हद्दीबाहेर.

अजून एक, जे डीलर कधी सांगत नाही. ३१-३२ फुटी क्लास सीच्या मागच्या चाकांनंतर घराचा बराच मोठा भाग लटकत असतो. तिथपर्यंत मूळ चासी जात नाही, आरव्ही बनवणारे मागे फ्रेमचा तुकडा जोडतात आणि हिच त्या जोडलेल्या तुकड्यावर असते. त्या टोकावर जड टंग (ट्रेलरची जीभ, म्हणजे तिचं हिचवर येणारं वजन) ठेवली की मागचा एक्सल दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात, आणि मग बाजूने ट्रक गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही.

पेट्रोलवरचं क्लास ए (बससारखं मोठं मोटरहोम) म्हणाल तर तिथेही तीच गत. फोर्ड एफ-५३ ची चासी, घर एवढं मोठं, पण हिच बहुतेकांवर ५,००० पाउंडची. ती छोटी कार मागे लावायला केलेली असते. पूर्वीच्या व्ही-१० वाल्यांत २२,००० जीव्हीडब्ल्यूआरला २६,००० जीसीडब्ल्यूआर असायचा, म्हणजे भरल्यावर चारच हजार शिल्लक! लोक नुसतं आकारमान बघतात आणि समजतात की एवढं धूड काहीही ओढेल.

तुमच्या वजनाला मोटरहोमच हवं असेल तर दोनच रस्ते, डिझेल पुशर किंवा सुपर सी. पुशरवर १०,००० ची हिच सर्रास मिळते, काहींवर १५,००० आणि वरही. सुपर सी म्हणजे फ्रेटलायनरसारख्या मालट्रकच्या चासीवर बांधलेलं घर, तिथे १२,००० पासून २०,००० पर्यंत हिच असते. फक्त नवं घ्यायला गेलात तर अडीच-तीन लाख डॉलरच्या पुढेच गाडी सुरू होते, त्यामुळे जुनंच बघा. उतारावर मात्र या दोघांचा हात कुणी धरत नाही, एक्झॉस्ट ब्रेक किंवा इंजिन ब्रेक लावला की आय-५ वरच्या ग्रेपव्हाइन घाटाच्या ६ टक्के उतारावर पायाने ब्रेक क्वचितच दाबावा लागतो.

काहीही घ्यायच्या आधी ट्रेलर काट्यावर घाला. कॅट स्केल कुठल्याही मोठ्या ट्रक स्टॉपवर असतो, प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं छापून देतात.

ड्युअली:

मी ट्रक कॅम्पर पार्टीचा, पण ट्रॅकवेडा, तुमच्या ट्रकवाल्याचं ते 'वीस हजार ओढतो' ऐकून हसू आलं. ओढतो हो, पण पाठीवर घर नसताना. अमेरिकेत हे टो रेटिंग (ट्रक किती ओढू शकतो तो आकडा) एसएई जे२८०७ नावाच्या पद्धतीने काढतात, त्यात ट्रकमध्ये फक्त ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर धरलेला असतो, प्रत्येकी १५० पाउंडचे. चढाची टेस्ट ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटाच्या हिशोबाने, एसी फुल ठेवून. टेस्ट चांगलीच कडक आहे, त्याबद्दल वाद नाही, पण ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या हौद्यात) चार हजार पाउंडचा कॅम्पर असेल तर काय हे ती सांगत नाही.

तुम्हाला बघायचंय ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडच्या वर जाऊ नये. तो आकडा त्या एका ट्रकचा असतो. त्याच मॉडेलचा शेजारी उभा असलेला ट्रक सनरूफवाला, फोर बाय फोर, वरच्या ट्रिमचा असेल तर त्याचा आकडा सहज काहीशे पाउंडने कमी निघतो. म्हणून ब्रोशर घरी ठेवा आणि लॉटवर फिरून दारं उघडून स्टिकरचे फोटो काढा, सेल्समन वैतागला तर वैतागू दे.

आणि सगळे एफ-४५० च्या मागे लागतात म्हणून सांगून ठेवतो, एफ-४५० पिकअपचा जीव्हीडब्ल्यूआर १४,००० च आहे, एफ-३५० ड्युअलीचाही तितकाच, पण ४५० ची स्वतःची हाडं जड, त्यामुळे पेलोड (माणसं-सामान मिळून पाठीवर पेलायचं वजन) उलट कमी भरतो. तो ट्रक ओढण्यासाठी केलाय, पाठीवर घेण्यासाठी नाही. वळतो मात्र झकास, पुढचा एक्सल रुंद असल्यामुळे. इंजिनाबद्दल म्हणाल तर डिझेल पेट्रोलपेक्षा पाचसहाशे पाउंड जड, तेवढा पेलोड सरळ गेला. माझं मत, कॅम्पर अधिक ट्रेलर असेल आणि आयुष्यभर रॉकीजमध्ये फिरायचं नसेल तर पेट्रोल ७.३ चा विचार जरूर करा. आवाज करतं, तहान जास्त, पण पेलोड देतं.

आता कॅम्पर. स्लाइड (बाजूने बाहेर सरकणारा भाग) नसलेला, साडेनऊ फूट फरशीचा घ्या. स्लाइडवाले फार सुंदर दिसतात, सोफा काय, वेगळी शॉवर काय, पण तीन स्लाइडवाला कोरडाच पाच हजारांच्या जवळ जातो. कोरडं वजन म्हणजे फसवणूकच म्हणा. पाणी एक गॅलनला ८.३४ पाउंड, ४० गॅलन टाकी भरली की ३३४ पाउंड, मग प्रोपेन, बॅटऱ्या, एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छप्पर), गाद्या, भांडी, कपडे, आणि मुलांची ती खेळण्यांची बॅग जी कुणीच मोजत नाही. ब्रोशरमध्ये ३,००० लिहिलेला कॅम्पर रस्त्यावर ४,००० होतो असं धरूनच चाला.

ट्रेलरच्या बाबतीत खरी गोम हिचची. कॅम्पर बेडच्या मागे दीड-दोन फूट बाहेर येतो, त्याच्यापुढे पायऱ्या, त्यामुळे ट्रकच्या स्वतःच्या रिसीव्हरला (हिचच्या चौकोनी नळीला) ट्रेलर लागतच नाही, एक्सटेन्शन टाकावं लागतं. आणि साध्या रिसीव्हरमध्ये एक्सटेन्शन घातलं की त्याची क्षमता निम्म्यावर वगैरे येते, हिचवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतं ते. यासाठी दोन रिसीव्हर एकावर एक असलेली जाड हिच मिळते, टॉर्कलिफ्टची सुपरहिच हे त्यातलं लोकांच्या तोंडी असलेलं नाव, तिचं एक्सटेन्शन दोन्ही नळ्यांत जातं. तरीही जितकं लांब एक्सटेन्शन तितकं रेटिंग कमी. म्हणून छोटा कॅम्पर घ्या म्हणतोय, वजनापेक्षाही लांबीसाठी.

चाकावरचं_घर:

सगळे दादा लोक आकड्यांत घुसलेत, मी जरा राहण्याबद्दल लिहिते. आमच्याकडे दोन्ही झालंय, आधी मोटरहोम, मग कॅम्पर, मागे घोड्यांचा ट्रेलर.

मुलं सहा आणि नऊची आहेत ना, मग ती बसणार कुठे हे आधी बघा. मोटरहोममध्ये मागे डायनेटला (जेवायच्या टेबलाच्या बाकांना) बेल्ट असतात, पण काही सीट आडव्या किंवा उलट्या तोंडाच्या असतात, तिथे बूस्टर सीट नीट बसत नाही, आणि प्लायवूडच्या बाकड्याला लावलेल्या बेल्टवर माझा फारसा विश्वास नाही. ट्रकच्या क्रू कॅबमध्ये (चार दारांच्या केबिनमध्ये) सगळे खऱ्या गाडीच्या सीटवर, एअरबॅगसकट. मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. हां, चालत्या गाडीत उठून फ्रीज उघडता येत नाही, बाथरूमला जायचं तर थांबावं लागतं, मुलं दर तासाला ओरडतात. पण मोटरहोममध्येसुद्धा चालत्या गाडीत बेल्ट सोडून फिरू नयेच, लोक फिरतात ते सोडा.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. पाऊस असेल आणि चौघं साडेनऊ फुटी कॅम्परमध्ये अडकले तर एकाने उठायचं म्हणजे तिघांनी पाय वर घ्यायचे. वरचा बेड तुमचा, मुलं डायनेटच्या टेबलाचा बेड करून झोपणार, म्हणजे सकाळी त्यांना उठवल्याशिवाय चहा पण नाही. ट्रॅकच्या दिवशी तुम्हाला पहाटे उठायचं असतं ना? विचार करा.

आणि तिथे पोहोचल्यावर काय? रेसकार रस्त्यावर चालत नसेल तर मोटरहोम घेऊन दूध-ब्रेड आणायला जाणार का? आमचं तेच व्हायचं, एकदा हूकअप (वीज-पाण्याच्या जोडण्या) लावले की दोन दिवस तिथेच बांधलेले. कॅम्पर जॅकवर उतरवून ठेवला की ट्रक मोकळा. उतरवायला-चढवायला सवय झाली की अर्धा तास, सुरुवातीला नवरा-बायकोचं भांडण होईल इतका वेळ लागतो, आरशात बघून रिव्हर्स घेताना कोण डावीकडे म्हणतंय आणि कोण उजवीकडे. जमीन सपाट हवी मात्र, तिरक्या जागेवर जॅकवर सोडू नका.

ट्रॅकवेडा:

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. घाटवाला, तुमचं ऐकून शनिवारी काट्यावर जाऊन आलो, पूर्ण भरलेला ट्रेलर, जसा ट्रॅकला जातो तसा. आधी ट्रक-ट्रेलर जोडून, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. ट्रेलरच्या एक्सलवर ८,४६० आले, आणि ट्रकच्या दोन वजनांतला फरक, म्हणजे टंग, १,१८०. एकूण ९,६४० पाउंड. अंदाज हजाराने चुकला म्हणायचा, टूलबॉक्स आणि टायर समजतो त्यापेक्षा जड असतात हे कळलं.

आकडे बायकोला दाखवले, क्लास सीचा विषय तिनेच बंद केला. पण आता ती म्हणते जुना पुशर बघू, १०,००० ची हिच आहे आणि आपण ९,६४०, म्हणजे बसलो की आत. ३६ फुटी एक बघून ठेवलाय, किंमत आवाक्यातली आहे. मी अजून ड्युअलीवर. पुशर घ्यायला हरकत काय आहे ते सांगा, किंवा हरकत नसेल तर तेही सांगा, मी हरायला तयार आहे.

नटबोल्ट:

हेवी ट्रकचं काम करतो, म्हणून मध्ये पडतो. आधी हे सांगा की त्या हाफ टनवर १,१८० ची टंग आणि वर चार माणसं, तिचा पेलोड किती आहे ते बघितलंय का? बहुतेक हाफ टनवर ही बेरीज स्टिकरच्या अगदी काठावर किंवा पलीकडे जाते. पुढचं वाहन येईपर्यंत निदान घरचे दुसऱ्या गाडीतून येऊ देत.

पुशरबद्दल. १०,००० च्या हिचवर दोन आकडे असतात आणि सगळे पहिलाच वाचतात. दुसरा टंगचा, तो बहुधा १,०००. तुमची १,१८०. म्हणजे एकूण वजनात बसलात पण टंगमध्ये बाहेर. आता टंग कमी करता येते, गाडी ट्रेलरमध्ये फूटभर मागे सरकवली तर साधारण दीडशे पाउंड उतरतील (३,००० ची गाडी, आणि बॉलपासून ट्रेलरच्या एक्सलचा मध्य १८-१९ फुटांवर असेल असं धरून), आणि नाकात ठेवलेले टायर मागे नेले तर अजून थोडे. पण खाली कुठपर्यंत जायचं? टंग एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या खाली गेली की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एवढ्या वजनाचा ट्रेलर हलायला लागला की सावरणं अवघड. ९,६४० चे १० टक्के ९६४. म्हणजे तुम्हाला ९६४ आणि १,००० च्या मधल्या छत्तीस पाउंडच्या फटीत राहायचंय, दर खेपेला, पेट्रोलचे कॅन भरलेले असोत की रिकामे. तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण मी माझ्या गिऱ्हाइकाला हे सुचवणार नाही. १५,००० च्या हिचवाला पुशर किंवा सुपर सी मिळत असेल तर हा प्रश्नच मिटतो, फक्त त्या विशिष्ट गाडीचा जीसीडब्ल्यूआर बघा, त्यातून ती भरलेली काट्यावर किती येते ते वजा करा, उरेल तेवढंच तुमचं, हिच कितीचीही असो.

आता ड्युअली, इथेही सगळं गोड नाही. समजा डिझेल एफ-३५० च्या स्टिकरवर ५,७०० आहेत. कॅम्पर भरलेला ४,०००, तुम्ही चौघं ५५०, टंग गाडी सरकवून १,००० वर आणली असं धरू, हिच आणि एक्सटेन्शनचं लोखंड १५०. बेरीज करा, बरोब्बर ५,७००. म्हणजे कुत्रासुद्धा न्यायला जागा नाही. पेट्रोलवाला असेल तर पाचसहाशेची सवड मिळते, ड्युअलीभाऊंनी सांगितलं ते या हिशोबात बरोबर बसतं.

पण पेलोड हा अर्धाच हिशोब आहे. टंग एक्सलच्या खूप मागे लटकते ना, म्हणून तरफेचा नियम लागतो, सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर जसं जड वाटतं तसं. क्रू कॅब लाँग बेडचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) १७६ इंच. ४८ इंच एक्सटेन्शन टाकलं तर बॉल मागच्या एक्सलपासून साधारण १०८ इंचांवर जातो. मग १,००० पाउंडची टंग मागच्या एक्सलवर १,६१४ होऊन बसते आणि पुढच्या एक्सलवरचे ६१४ उचलते. २४ इंचांत भागलं तर बॉल ८४ वर, पुढचे ४७७ च उचलले जातात. या दोन फुटांनी स्टिअरिंगला किती फरक पडतो ते चालवल्यावर कळतं. मागच्या एक्सलची स्वतःची हद्द ड्युअलीत साडेनऊ-पावणेदहा हजारांच्या आसपास असते, रिकाम्या ट्रकचेच तिथे तीन-साडेतीन हजार, त्यावर जवळजवळ अख्खा कॅम्पर, त्यावर हे सोळाशे. बसतं, पण कसंबसं. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावली तर थोडं वजन पुढे आणि ट्रेलरच्या एक्सलवर जातं, ती लावाच, पण तुमच्या एक्सटेन्शनला ती चालते का हे बनवणाऱ्याच्या कागदात बघून.

आणि कृपा करून कुणी मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (स्प्रिंगच्या मदतीला हवेच्या पिशव्या) लावा म्हणून सांगितलं तर एक लक्षात ठेवा, एअरबॅगने ट्रकची मागची बाजू वर येते, जीव्हीडब्ल्यूआर वाढत नाही. टायर, व्हील, एक्सल तेच.

सवड हवीच असेल तर एफ-५५० किंवा रॅम ५५०० चासी कॅब (केबिनमागे हौदा नसलेला ट्रक), जीव्हीडब्ल्यूआर १९,५०० पर्यंत, वर फ्लॅटबेड टाकून कॅम्पर. घरचं वाहन म्हणून मात्र रिकामा असताना दणके देतो, पाठदुखी असेल तर नको.

पाचवं_चाक:

मला कळत नाही इतकी कसरत का करायची. ट्रेलर विका, ट्रक घ्या आणि फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात पिनने जोडायचा ट्रेलर) टॉय हॉलर घ्या, मागे गॅरेज पुढे घर, टंग थेट एक्सलच्या डोक्यावर, तरफ वगैरे काही नाही. पिन वेट (पिनमधून ट्रकवर येणारं वजन) १५ ते २५ टक्के असतं पण ड्युअली ते आरामात घेतो. मोठं गॅरेज असलेल्यात गाडी मावते.

नटबोल्ट:

@पाचवं_चाक, तत्त्वतः अनुमोदन, वजन एक्सलच्या वर बसणं हेच सगळ्यात चांगलं. पण दोन गोष्टी. बऱ्याच टॉय हॉलरची गॅरेज १२-१३ फुटांची आणि साइड-बाय-साइड (छोट्या ऑफ-रोड गाड्या), मोटरसायकलीसाठी केलेली, त्यात १४-१५ फुटी कार दार लावून बसत नाही आणि बसली तरी उतरायला दार उघडत नाही. दुसरं कॅलिफोर्नियाचं लायसन्स, १५,००० च्या वरचं फिफ्थ व्हील ओढायला साधं क्लास सी लायसन्स (हा लायसन्सचा वर्ग, मोटरहोमचा नव्हे) पुरत नाही, नॉन-कमर्शियल क्लास ए काढावं लागतं. आणि त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ट्रेलर विकायचा नाही.

ट्रॅकवेडा:

विकायचा नाही म्हणजे नाही, आतमध्ये कपाटं, लाइट, व्हिंच सगळं मी स्वतः बसवलंय :)

नटबोल्ट, छत्तीस पाउंडची फट वाचून बायको दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली ठीक आहे पण माझ्या अटी. कॅम्परमध्ये बाथरूम पूर्ण हवी, आणि बाहेर बसायला मोठी ऑनिंग. मंजूर केलंय. आता पेट्रोल एफ-३५० ड्युअली लाँग बेड, जुनी, आणि स्लाइड नसलेला साडेनऊ फुटी कॅम्पर असं शोधतोय. हाफ टन विकणार. लायसन्स आणि लांबीचं मलाही विचारायचंच होतं, आमच्या ९,९९० च्या ट्रेलरला काही वेगळं लागतं का? आणि रीनोकडे जाताना डोनरच्या घाटात पेट्रोल इंजिन रडेल का?

घाटवाला:

तुमच्या ट्रेलरच्या प्लेटवर ९,९९० आहे ना, तो आकडा असाच नाही आला, १०,००० च्या आत राहावं म्हणूनच बनवणारे तसं ठेवतात. कॅलिफोर्नियात १०,००० पर्यंतचा एक ट्रेलर साध्या लायसन्सवर चालतो. पुढेमागे जड एक्सलचा ट्रेलर घेतलात आणि प्लेटवर १०,००० च्या वर आकडा असला तर वेगळं लायसन्स, मग आत तुम्ही रिकामं का नेईनात. पण प्लेट म्हणजे छपराची उंची समजा, तुम्ही ९,६४० वर आहात, अजून साडेतीनशेच पाउंड. नवं वेल्डिंग मशीन वगैरे विचार असेल तर आत्ताच सोडा.

लांबी ट्रक आणि ट्रेलर मिळून ६५ फूट, तुम्हाला चिंता नाही, ट्रक एक्सटेन्शनसकट २४-२५ आणि ट्रेलर जिभेसकट २८ च्या आसपास. गंमत म्हणजे तो ३६ फुटी पुशर घेतला असतात तर ६४ फूट झाले असते, आणि ३८ फुटी घेतला असतात तर बेकायदा. ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ५५ मैल आणि उजवी लेन, आय-५ वर लोक ८० ने जातात ते बघून मोह होतो, पण दंड होतो.

डोनर. आय-८० तिथे ७,००० फुटांच्या वर जातो. साधं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोहोचेपर्यंत पाचवा हिस्सा गेला. रडेल, पण चढेल, ट्रकांच्या लेनमध्ये ३५-४० ने, इंजिन ४,००० आरपीएमला ओरडत. त्या आवाजाला घाबरू नका, ते इंजिन तसंच चालतं. उतरताना मात्र टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) लावून माथ्यावरच खालचा गिअर घ्या, डिझेलसारखा एक्झॉस्ट ब्रेक तुमच्याकडे नसेल. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि त्यांचा कंट्रोलर नीट सेट केलेला हवा.

ड्युअली:

अरे वा, एक माणूस आपल्या पक्षात आला. आता कॅम्पर बघायला जाताना टेप आणि ट्रेलरची मापं घेऊन जा. कॅम्परच्या बाजूला सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची खूण असते, ती बेडमध्ये बसवल्यावर मागच्या एक्सलच्या पुढे यायलाच हवी, मागे येत असेल तर तो कॅम्पर तुमच्या ट्रकचा नाही. मग मागच्या पायरीपासून बॉलपर्यंत किती जागा लागते ते मोजा, पण सरळ रेषेत नाही, ट्रेलर काटकोनात वळलेला धरून. तुमचा ट्रेलर व्ही-नोज असेल तर वळताना कोपरा कॅम्परच्या मागच्या कोपऱ्याजवळ कमी येतो, चपट्या नाकाचा असेल तर सहा-आठ इंच जास्त लागतील. शिवाय ट्रेलर जोडलेला असताना कॅम्परचं दार उघडून आत जाता आलं पाहिजे, हे बरेच जण विसरतात आणि मग पहिल्याच रेस्ट एरियात मुलं जिभेवर चढून दार ओढत असतात. जिभेवरचा जॅक दाराला अडतो का तेही बघा, अडत असेल तर बाजूला वळणारा जॅक मिळतो.

आणि एक्सटेन्शन टाकल्यावर सेफ्टी चेन, ब्रेकअवेची वायर (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि सात पिनचा प्लग, तिन्ही तोकडे पडतात. प्लगची वायर वाढवणं सोपं आहे, चेनसाठी एक्सटेन्शनवर कड्या येतात का ते ऑर्डर देतानाच विचारा. ब्रेकअवेची वायर मात्र चेनमध्ये किंवा एक्सटेन्शनमध्ये अडकवू नका, ट्रकच्या फ्रेमलाच लावा, म्हणजे एक्सटेन्शनसकट सगळं निसटलं तरी ट्रेलरचे ब्रेक लागतील. स्टिकरचा फोटो इथे टाका, बेरीज करून देतो.